पहार

सेप्टिक टँकचं झाकण सापडेना,
म्हणून ताव्हेतला यंत्र घेऊन बोलावलं.
झाकण आहे अंगणातच.
कुठे, ते एन्देलला ठाऊक होतं,
आणि एन्देलला गेल्याच्या गेल्या मार्चमध्ये
आम्ही चर्चमागच्या वाळूत ठेवून आलो.
नकाशा नाही, खूण नाही.
"मी आहे ना," म्हणायचा.

ताव्हेतनं मला कानाचं शिकवलं :
बारीक चिवचिव म्हणजे चांदी, ॲल्युमिनियम, असलं काही,
घोगरं म्हणजे लोखंड.
"झाकण घोगरं बोलेल, हेल्वे."
मग तो कुंपणाशी सिगारेट ओढत उभा राहिला,
आणि मी सत्तराव्या वर्षी
अंगणाला झाडू मारावा तसं ते यंत्र फिरवत निघाले.

आधी चिवचिव.
सौनाच्या मागे, ज्युनिपरच्या झुडपाखाली,
हातभर जागेत वोडकाची टोपणं.
मी मोजली. दोनशे अकरा.
"सोडली," म्हणाला होता शहाऐंशी साली,
आईच्या बायबलवर हात ठेवून.
सोडली होती खरी. इथे सोडली होती.
मी गुडघ्यांवर बसून हसत सुटले.
ताव्हेतला वाटलं, मला चक्कर आली.

मग एक कोपेक. घोड्याचा नाल. अर्धी कात्री.
कुणाच्या तरी पट्ट्याचं बकल,
कुठल्या सैन्याचं ते गंजानं खाऊन टाकलंय,
बरं केलंन.
आणि माझं अंगुस्तान,
ज्याच्यापायी मी माइमूला मारलं होतं.
ती आता तुर्कूला बस चालवते.
तिला फोटो पाठवला.
उत्तरात एक अंगठा आला, बास.

विहिरीपाशी यंत्र घोगरलं.
घोगरत राहिलं, चार पावलं, पाच.
झाकण एवढं लांब नसतं.
फावडं मीच मारलं.
आधी ताडपत्री, मासेमारीच्या दोऱ्यानं बांधलेली,
त्या दोऱ्याला त्याचीच गाठ, डावरी.
आत पहार.
काळीभोर, तेल लावलेली,
एवढ्या वर्षांत गंजाचा एक ठिपका नाही.

तीच ती.
ब्याण्णव साली जी विल्लूनं चोरली,
जिच्यावरून एन्देल त्याला बोटीच्या धक्क्यावर
सगळ्या गावादेखत चोर म्हणाला,
जिच्यामुळे विल्लूनं एका हिवाळ्यात
आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत रचली,
दगड नुसत्या हातांनी उचलून,
कारण त्याच्याकडे पहार नव्हती.

कधीतरी सापडली असणार याला.
गवत कापताना, नाहीतर बर्फ वितळल्यावर.
घेऊन भिंतीपर्यंत गेला असेल का?
माफी मागायला शब्द लागतात चार.
खड्डा खणायला लागते अख्खी रात्र.
यानं रात्र निवडली.
आणि तेल लावलं.
तेलाचं काय करू मी, एन्देल?
फेकून दिली असतीस तर तुला मूर्ख म्हणून मोकळी झाले असते.

गाडलेली मढी उकरू नयेत, म्हणतात.
पण विल्लू अजून मेलेला नाही.
भिंतीपलीकडच्या खिडकीत बसतो,
माणसं ओळखत नाही, बोटी ओळखतो.

ताव्हेत जवळ आला.
तेव्हा सात वर्षांचा होता,
आमच्या दाराशी दूध न्यायचा बंद झालेला पोर.
पहारेकडे बराच वेळ बघत राहिला.
"चांगली आहे," म्हणाला.
"जुनी आहे," मी म्हणाले.
तोंडाशी आलेलं बाकीचं तोंडातच राहिलं.

झाकण निघालं तीन पावलांवर, लायलॅकच्या मुळाशी.
त्याच पहारेनं उचकटलं दोघांनी,
मी टोक धरलं, त्यानं जोर लावला,
आणि जो वास सुटला
त्यानं आम्ही दोघांनी एकदमच तोंडं फिरवली,
समुद्राकडे.

मग त्यानं पहार टोपीनं पुसली,
नीट, दोन्ही टोकं,
आणि भिंतीवरून हात घालून टेकवून ठेवली.
पलीकडच्या बाजूला.
मी काही म्हणाले नाही.
टाकी उपसणारी गाडी चारला यायची होती,
आली साडेपाचला.